लिहिलेलं सोडून सगळं

८ सप्टेंबर, सोमवार

एकसष्टाव्या वर्षी मी एक लफडं केलंय, आणि ते कुणाला सांगता येत नाही म्हणून ही वही. माणसाचं लफडं नाही, ते एक वेळ खपून गेलं असतं. मी 'नवऱ्याकडची मंडळी' या फडासाठी कार्निव्हलची गाणी लिहायला घेतली आहेत.

माझा सख्खा भाऊ आदेमार 'करपला भात' या फडाचा म्होरक्या आहे. त्याच्या सतरा गड्यांचे कपडे एकवीस वर्षं मी शिवते. दोन्ही फडांचे क्लब इथेच, आमच्या ला तेखा वस्तीत, चार गल्ल्यांच्या अंतरावर, आणि दर फेब्रुवारीत एकाच बक्षिसासाठी एकमेकांच्या उरावर बसतात. रुबेन म्हणून आदेमारचा जिवलग मित्र होता, त्याच्या लग्नातला साक्षीदार. त्याने एकदा गंमत म्हणून पलीकडच्या फडाला दोन ओळी दिल्या. त्याला अकरा वर्षं झाली. आदेमार अजून त्याला बघून रस्ता बदलतो. मी तर पाऊण तासाचा अख्खा कार्यक्रम देते आहे. कळलं तर माझा भाऊ गेलाच म्हणायचा. नवरा आधीच गेला, पोरंबाळं नाहीत, रविवारी माझ्याकडे जेवायला येणारं तेवढं एकच माणूस आहे.

मग लिहितेस कशाला बाई? तर बारा वर्षांपूर्वी मी आदेमारला निरोपाचं एक गाणं लिहून दाखवलं होतं. त्याने वाचलं, कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "छान आहे ग. यंदा बाह्या जरा सैल ठेव." गेल्या महिन्यात फाबियाना, म्हणजे 'मंडळीं'ची म्होरकी, चेन बदलायला स्कर्ट घेऊन आली. मापाच्या चिठ्ठीमागे मी काहीबाही खरडलं होतं, ते तिने उभ्या उभ्या वाचलं आणि खुर्ची ओढून बसली. स्कर्ट अजून इथेच पडलाय.

१० सप्टेंबर

फाबियानाने नियम घालून दिले. दिवसा ती कुठल्याशा कंपनीत कॉम्प्युटरचं काम करते, त्यामुळे नियम फार. कागदावर काही नाही, फोनवरून पाठवायचं नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांचं संपूर्ण बाड कोणीतरी बेकरीत विसरलं आणि उद्घाटनाच्या आधीच सगळी वस्ती विनोद सांगत फिरत होती. आता सगळं इंटरनेटवरच्या कुलपाच्या साठवणीत ठेवायचं. "मिर्ताबाई, कंपनीचा मालक आला तरी त्याला वाचता येत नाही. किल्ली तुमच्याकडे आणि माझ्याकडे, बस."

मी म्हटलं, तसलं खातं आहे माझ्याकडे. आहेच. आदेमारने फडाचे फोटो ठेवायला सहा जणांचं कुटुंबखातं घेतलं होतं: तो, इरिसवहिनी, स्पेनमधली दोघं पोरं, पायसांदू गावची ओल्गामावशी आणि मी. माझी जागा नुसती पडून होती. आमच्याकडे गल्लीत एकाची शिडी असली की कोणी दुसरी विकत घेत नाही. शिवाय आत शिरल्या शिरल्या मोठ्या अक्षरांत लिहिलेलं दिसतं: तुमच्याशिवाय हे कोणीही वाचू शकत नाही. फाईलचं नावसुद्धा नाही म्हणे. तरी मी आपलं 'माशाचं कालवण' असं नाव दिलं.

२१ सप्टेंबर, रविवार

आदेमार फोन न करता आला, वाईन न घेता आला, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. टोपीसुद्धा काढेना.

"तुला मला काही सांगायचंय का मिर्ता?"

 तोंडाला आलं ते म्हटलं, "ओव्हन बिघडलाय."

त्याने ओव्हनकडे बघितलं. मग टोपी काढली आणि ओव्हनखाली आडवा झाला. दोन तास खाटखूट केली, दोन ताटं कॅनेलोनी खाल्ले, आणि जाताना म्हणाला, "हल्ली फार पहाटे उठतेस." बेकरीवाल्याने माझा दिवा बघितला असणार, त्याला चौकशा फार. आदेमारचं पित्त वाढलंय असं वाटतं. इरिसला सांगायला हवं.

१४ ऑक्टोबर

छान चाललंय. रोज सहाला उठते, येर्बाचा चहा भिजवते, दोन बोटांनी टाईप करते, आठ वाजता साठवणीत टाकायचं म्हणते पण धीर धरवत नाही, दर चार ओळींनी टाकते. सलामीचं गाणं झालं. नवा सोफा घेऊन त्यावर कुणालाच बसू न देणाऱ्या माणसाचं विनोदी प्रकरणही झालं. फाबियाना सोफ्याच्या प्रकरणावर हसून हसून खाली घसरली, माझ्या साध्या खुर्चीवरून.

इतकं बरं मला नवऱ्याच्या माघारी वाटलेलं नाही. लिहून ठेवते, नाहीतर विसरायला होईल.

गेल्या आठवड्यात मात्र जीव टांगणीला लागला होता. 'करपला भात'चा ढोलवाला विल्मार क्लबात सगळ्यांसमोर म्हणाला, मिर्ता दर मंगळवारी पलीकडच्या क्लबाच्या गल्लीत काय करते? मी काही बोलायच्या आत आदेमार म्हणाला, "दातांचा डॉक्टर आहे तिचा तिकडे." वाचले. पण माझे दात आठ वर्षांपूर्वीच गेले सगळे, आणि काढायला आदेमारच घेऊन गेला होता. विसरला बिचारा. वय झालं.

५ नोव्हेंबर

निरोपाचं गाणं जमत नाही. नऊ वेळा लिहिलं, नऊही वेळा भिकार. आदेमारचंच खरं होतं, मी बाह्या शिवाव्यात. सकाळी साडेसहाला सगळं पुसून टाकलं, सोफासकट. फाबियानाला संध्याकाळी सांगेन.

६ नोव्हेंबर

काल सांगायला गेलेच नाही. झालं असं की पुसलं आणि अर्ध्या तासात दार वाजलं. आदेमार. हातात बेकरीतल्या गरम बिस्कोचोंची पुडी, अंगात पायजम्याचा सदरा, वर कोट.

"सहज आलो," म्हणाला. "चल, रांब्लावर जाऊ, पाण्याकाठी."

समुद्राकडे तोंड करून बसलो. हा माणूस कधी मनातलं बोलत नाही, आणि काल तोंड बंद होईना. निरोपाचं गाणं म्हणजे कार्यक्रमाचा शेवट असं लोकांना वाटतं, म्हणाला, पण ते असतं घरी जाताना बसस्टॉपवर उभ्या राहिलेल्या माणसासाठी. त्याला एकटं वाटता कामा नये. "मोठं काही सांगायला गेलं की फसतं. आई दारात उभी राहून काय म्हणायची? स्वेटर घेतलास का. झालं, तेवढंच लागतं."

मग एकदम, काही संबंध नसताना म्हणतो, "त्या साठवणीतलं पुसलं ना, तरी तीस दिवस कचऱ्याच्या टोपलीत राहतं. इरिसचे फोटो गेले होते तेव्हा कळलं. परत काढता येतं."

योगायोग म्हणावा तर किती. घरी आले आणि सोफा टोपलीतून वर काढला.

१५ डिसेंबर, सोमवार

निरोपाचं गाणं पूर्ण. शेवटचं वाक्य लिहिलं आणि मीच रडले. फाबियाना आली, वाचलं, तीही रडली. मग माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाली, "हे 'कुटुंब' काय लिहिलंय?"

सांगितलं. तिचा चेहरा उतरला.

"मिर्ताबाई, तुम्ही 'करपला भात'च्या म्होरक्याच्या खात्यात आमची गाणी ठेवलीत?"

"कुलूप आहे ना. वाचता येत नाही म्हणालीस."

"वाचता येत नाहीच. पण असं बघा, शेजारी भिंतीपलीकडे असादो चाललाय, निखाऱ्यावर मांस भाजतायत. मांस कुठलं ते तुम्हाला दिसत नाही. पण धूर दिसतो, किती वाजता पेटवलं ते कळतं, दारात गाड्या कुणाच्या ते कळतं, आणि माणसं कधी उठली तेही. कुटुंबप्रमुखाला यादी दिसते. कोणी, किती वाजता, केवढं ठेवलं, केवढं काढलं आणि कुणाच्या पत्त्याशी वाटून घेतलं. लिहिलेलं सोडून सगळं."

"कुणाच्या पत्त्याशी?"

"माझ्या. नावासकट."

 मग विचार केला, आदेमारला कळलं असतं तर एव्हाना घर डोक्यावर घेतलं असतं. तो रुबेनला दोन ओळींसाठी अकरा वर्षं तोंड दाखवत नाही. म्हणजे त्याने ती यादी उघडलेलीच नाही. त्याला चष्मा कुठे ठेवला ते सापडत नाही, यादी काय उघडणार? फाबियाना म्हणाली, आताच्या आता वेगळं खातं काढू. मी म्हटलं, एकदम निघून गेले तर त्याला शंका येईल, कार्निव्हल होऊ दे.

१८ डिसेंबर

तोवर मी माझी युक्ती काढली आहे. धूर लपवता येत नसेल तर सगळीकडे धूर करायचा. दिवसभर वाटेल तेव्हा वाटेल ते साठवणीत टाकते. शेजारच्या कुत्र्याचे फोटो, वीजबिलं, टीपकामाचा आवाज वीस मिनिटं रेकॉर्ड करून. आणि नुसत्या फाबियानाशी नाही, ओल्गामावशीशीसुद्धा वाटून घेते. आता बघू दे कुणाला काय कळतं ते. फाबियाना म्हणाली, कल्पना वाईट नाही, तिच्या कंपनीतसुद्धा असं करतात. मला जरा ताठाच आला.

२१ डिसेंबर, रविवार

जेवताना आदेमार मिशीत हसत होता.

"ओल्गामावशीचा फोन आला होता. म्हणते मिर्ताला काही झालंय का? तिने मला एका कुत्र्याचे चाळीस फोटो पाठवलेत आणि एक शिवणयंत्र वीस मिनिटं चालतंय."

"गोड आहे कुत्रा," मी म्हटलं.

"मावशीने सगळं ऐकलं. शेवटी काहीतरी बोलशील म्हणून." मग काट्यावरचा तुकडा बघत म्हणाला, "एवढं दमवू नकोस स्वतःला. सकाळचं तुझं असतं ते पुरे आहे."

सकाळचं म्हणजे सकाळची कामं, दुसरं काय. पण रात्रभर ते वाक्य काही डोक्यातून गेलं नाही.

६ जानेवारी, तीन राजांचा सण

आज सगळं उघडं पडलं. मी घाबरले होते तसं झालं नाही, दुसरंच काहीतरी झालं. सावकाश लिहिते.

आदेमारकडे जेवायला होते. पोरांनी स्पेनहून पाठवलेली मिठाई इरिस फोडत होती आणि अगदी सहज, मीठ दे म्हणावं तशी म्हणाली, "कार्निव्हल झाला की जरा उशिरा लिहायला बसत जा ग मिर्ता. सहाला याच्या फोनवर टिंग वाजतं, मग हा उठून बसतो, मग मलाही झोप लागत नाही."

आदेमारने डोळे मिटले. इरिसने मिठाई ठेवली आणि "अगबाई, तिला सांगितलं नाहीस होय अजून?" म्हणत स्वयंपाकघरात निघून गेली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सप्टेंबर. तू सुरू केलंस त्या पहिल्याच आठवड्यापासून. कोणी काही ठेवलं की टिंग वाजतं. दर चार ओळींनी वाजवायचीस तू."

"वाचलंस?"

"वाचता कुठे येतं? पण फाबियानाचा पत्ता होता. तो बघून त्या रविवारी भांडायलाच आलो होतो. रस्त्यात शब्दसुद्धा ठरवले होते."

"मग भांडला का नाहीस?"

"ओव्हन बिघडला होता."

मला हसू आलं आणि तितकाच रागही आला. चार महिने मी चोरासारखी वावरले, आणि हा पलीकडे बसून माझ्या सकाळी मोजत होता. न्हाणीघरात कोणी आहे हे दाराखालच्या उजेडावरून कळतं, पण म्हणून दाराशी चार महिने उभं राहायचं का? तसंच बोलले त्याला. 

"टिंग बंद कसं करायचं ठाऊक नव्हतं," म्हणाला. "नंतर पोराने सांगितलं, पण तोवर बंद करावंसं वाटेना. एकवीस वर्षं माझे कपडे शिवतेस मिर्ता. त्यासाठी एकदा तरी पहाटे उठलीस? आणि हे रोज. रविवारीसुद्धा. मी मनात म्हटलं, हिला हे इतकं हवं होतं आणि मी हिला बाह्या सांगितल्या." मग म्हणाला, "नोव्हेंबरात टिंग वाजलं आणि बघतो तर सगळं शून्य. एका मिनिटात. इरिसला म्हटलं, तिने फेकलं सगळं. पायजम्यातच निघालो."

 त्याच्या हातावर हात ठेवला. हात म्हाताऱ्याचा झालाय त्याचा, माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"वाचायचंय?" मी विचारलं. "किल्ली देते."

"नको. तिकीट काढून ऐकेन. तुम्ही पलीकडचे आहात."

निघताना दारात म्हटलं, मग रुबेनचं काय? तो म्हणाला, "रुबेनचं वेगळं आहे." वेगळं काही नाही हे त्यालाही ठाऊक आहे. मी तिथे ताणलं नाही.

२९ जानेवारी, गुरुवार

काल संध्याकाळी वस्तीतल्या मंचावर पहिला प्रयोग झाला. कार्यक्रमपत्रिकेवर टोपणनाव द्यायचं ठरलं होतं, आता त्याची गरज उरली नव्हती. निवेदकाने माईकमध्ये "शब्द: मिर्ता बेंतांकोर" म्हटलं, आणि माझ्या पुढच्या रांगेतली बाई शेजारणीला म्हणाली, अग ही तर आपली शिवणवाली.

'करपला भात'चे गडी आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हते. विल्मारने तर क्लबात माझ्याविरुद्ध भाषण केलं. आदेमारने शांतपणे सांगितलं, ज्याला पसंत नाही त्याने आपली विजार आपण शिवावी. काल सगळे आले होते. मागच्या भिंतीला टेकून, हाताची घडी घालून, शत्रूचं बघायला. सोफ्याला पहिला विल्मारच हसला.

आदेमार कडेला उभा होता. इरिसला बसायला लावलं, स्वतः बसला नाही. निरोपाचं गाणं सुरू झालं आणि मी मंचाकडे बघितलंच नाही, त्याच्याकडेच बघत राहिले. चार महिने त्याला सगळं ठाऊक होतं, कधी जमलं, कधी अडलं, कुठल्या सकाळी मी हात टेकले, पण शब्द एकही नाही. ते त्याने काल पहिल्यांदा ऐकले. 'स्वेटर घेतलास का' आलं तेव्हा त्याने टोपी काढून तोंडासमोर धरली.

नंतर मागे आला. फाबियानाला म्हणाला, "तिसऱ्या कडव्यात ढोल खाली घ्या, शब्द झाकतोय." मग मला बाजूला घेऊन, डोळे लाल, "मी बारा वर्षांपूर्वी वाचलं होतं ते, तेव्हाही असंच होतं का ग?"

"तेव्हाही चांगलं होतं," मी म्हटलं.

"हां," म्हणाला. "वाटलंच मला."

३ फेब्रुवारी, मंगळवार

काल दुपारी फाबियानाने माझं स्वतःचं खातं काढून दिलं. राग म्हणून नाही, पण पुढच्या वर्षीचं माझं माझ्या खोलीत असावं. आदेमारला सांगितलं तर म्हणाला, जा ना, तुझी सोय बघ. मी फाबियानाला विचारलं, आता कुणालाच काही दिसणार नाही ना? ती म्हणाली, कंपनीला दिसतंच, किती वाजता आणि केवढं. तेवढा धूर कुठे ना कुठे राहतोच. म्हटलं, राहू दे. कंपनीला सहाला जाग येत नाही.

आज नव्या खात्यात बसून पहिल्या चार ओळी टाकल्या. खूप बरं वाटलं. कुठे टिंग नाही, कुणाला पत्ता नाही.

सव्वासहाला फोन वाजला. आदेमार.

"बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? लिहितेय."

"हां. नाही, आज काही वाजलं नाही, म्हणून."  मागून इरिस म्हणत होती, अरे तिला लिहू दे की.

"आदेमार," मी म्हटलं, "आता नाही वाजणार. तू फोन करत जा."

"रोज?"

"रोज. पण आठनंतर."